मुलाकडचे की मुलीकडचे?

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या लग्नांचे खटले मी गेली काही वर्षं मूळ हस्तलिखितातून वाचते आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली केली, निवृत्त झाले आणि लेकीकडे इंग्लंडला आले. लेकीचं घर चेस्टरजवळ. काळा कोट कपाटात गेला, पण जबान्या वाचायची खोड काही गेली नाही. चेस्टरच्या बिशपचं कोर्ट सोळाव्या शतकात नवराबायकोची भांडणं चालवायचं आणि त्याचे कागद अजून शाबूत आहेत, हे कळल्यावर मला घरात बसवेना.

फक्त ते वाचता येत नव्हते. इंग्रजी आहे म्हणून वाचता येईल, असं कुणालाही वाटेल. पण त्या वेळचे कारकून ज्या वळणात लिहायचे, त्याला सेक्रेटरी हँड म्हणतात, आणि ते समोर आलं की शिकलेला माणूस अंगठेबहाद्दर होतो. त्यातला ‘ई’ उलटा असतो. ‘सी’ हा ‘आर’सारखा दिसतो. ‘एच’ची शेपटी ओळीच्या खाली लोंबते आणि खालच्या ओळीतल्या अक्षरांत जाऊन अडकते. ‘एस’ दोन तऱ्हेचा, त्यातला लांब ‘एस’ थेट ‘एफ’शी गल्लत करायला लावणारा. ‘आय’, ‘एन’, ‘एम’, ‘यू’ म्हणजे नुसत्या उभ्या काड्या. त्या मोजायच्या आणि कुठली काडी कोणाची ते ठरवायचं. शब्द तोडण्याचीही पद्धत आहे. ‘पी’च्या पायाला आडवी रेघ मारली की ते ‘पर’ किंवा ‘पार’. म्हणजे ‘पॅरिश’ हा शब्द कागदावर अर्धाच असतो. वडिलोपार्जित जमिनीच्या कागदांपायी मी पूर्वी मोडी शिकले होते, त्याचा उपयोग झाला तो अक्षरांसाठी नव्हे, धीरासाठी. मोडी वाचणाऱ्याला ठाऊक असतं की पहिल्या ओळीवर दिवस गेला तरी दुसरी लवकर सुटते, कारण लिहिणारा तोच असतो.

इंग्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जने इंटरनेटवर 1500 ते 1800 या काळातली हस्ताक्षरं शिकवणारा फुकट अभ्यासक्रम ठेवला आहे. त्यावरून मी सुरुवात केली. मग गावातल्या एका वर्गात नाव घातलं. वर्गात बहुतेक सगळे आपापल्या घराण्याची वंशावळ शोधणारे. माझा कुणी पूर्वज लँकेशायरला असण्याची शक्यता नाही, म्हणून मला सुरुवातीला थोडं कुतूहलानेच पाहत. शिकवणाऱ्या बाई कडक. दिसतं ते लिहायचं, वाटतं ते नाही. कारकुनाने एका शब्दाचं स्पेलिंग तीन ओळींत तीन प्रकारे केलं असेल तर आपणही तीन प्रकारे उतरवायचं. तोडलेला शब्द पुरा करायचा तर भर घातलेली अक्षरं कंसात टाकायची. ओळींना आकडे द्यायचे. शाईचं पेन खोलीत आणायचंच नाही, फक्त पेन्सिल. जुन्या वह्या फोमच्या उशीवर अर्ध्याच उघडायच्या आणि पान उलटू नये म्हणून कापडी नळीत शिसं भरलेली वजनाची लड त्यावर ठेवायची. पांढरे हातमोजे सिनेमात असतात. इथे हात धुऊन कोरडे केले की पुरे.

तारखांचीही एक गंमत होती आणि वकिलाला ती फार लवकर कळते. त्यांचं वर्ष 1 जानेवारीला लागत नसे, 25 मार्चला लागे. म्हणजे कागदावर फेब्रुवारी 1564 लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते 1565. हे विसरलं तर लग्नाआधी काडीमोड आणि बारशानंतर लग्न असा सगळा उलटा क्रम लागतो.

अक्षर लागायला लागल्यावर कोर्ट दिसायला लागलं.

ते आपल्या कोर्टासारखं नव्हतं. लग्न, काडीमोड, मृत्युपत्र, बदनामी ही सगळी प्रकरणं चर्चच्या न्यायालयात जात. चेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये अशा कोर्टाची लाकडी बैठक आजही जशीच्या तशी आहे. 1636 सालची, म्हणजे एलिझाबेथच्या नंतरची, पण पद्धत तीच. मधे मोठं टेबल, भोवती बाकं, न्यायाधीशाचं उंच आसन, आणि कोपऱ्यात समन्स बजावणाऱ्या बेलिफासाठी एक टांगल्यासारखी उंच खुर्ची. मी तिथे बराच वेळ साक्षीदाराचा पिंजरा शोधत होते. पिंजरा नाहीच. साक्षीदाराला भर कोर्टात उभं करून उलटतपासणी घ्यायची रीतच नव्हती. वादी आपले मुद्दे लिहून देई, प्रतिवादी उलट प्रश्न लिहून देई, आणि कोर्टाचा कारकून एकेका साक्षीदाराला बाजूला बसवून, पक्षकार हजर नसताना, त्याचं म्हणणं लिहून घेई. सुरुवात आणि शेवट लॅटिनमध्ये, मधली हकिकत इंग्रजीत, आणि सगळी तृतीयपुरुषी: ‘सदर साक्षीदार म्हणतो की…’ आपल्याकडचे जबाब ज्यांनी वाचलेत त्यांना हा सूर अगदी घरचा वाटेल.

प्रतिवादीकडून जे उलट प्रश्न येत त्यांतले काही ठरलेलेच असत. तू कोणाचा नातेवाईक आहेस का, कोणाच्या घरी चाकरीला आहेस का? तुझा प्रवासखर्च कोणी दिला? तुझं कर्ज वगैरे फिटल्यावर तुझ्याकडे किती उरतं? आणि शेवटी, या दाव्यात कोण जिंकावं असं तुला वाटतं? लग्नाच्या मांडवात पाहुण्याला पहिला प्रश्न विचारतात तोच. मुलाकडचे की मुलीकडचे? फरक इतकाच की इथे उत्तर शपथेवर द्यायचं. बहुतेक साक्षीदार एक पाठ केल्यासारखं उत्तर देतात: ज्याचा हक्क असेल तो जिंको. हे वाक्य मी इतक्या वेळा उतरवलं आहे की आता ते न वाचताच ओळखू येतं. पण त्याच्या आधीच्या उत्तरात तो सख्खा मामा असल्याचं कबूल करून बसलेला असतो.

साक्षीदाराला एवढं महत्त्व का, हे कळायला त्या वेळचा कायदा पाहावा लागतो, आणि तो पाहून मी खरोखर चकित झाले. लग्न पक्कं व्हायला पाद्री लागत नसे. चर्च लागत नसे. आईबापांची परवानगीही, कायद्याच्या नजरेने, लागत नसे. मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा चौदाचा झालेला असेल आणि दोघांनी एकमेकांना वर्तमानकाळात ‘मी तुला पत्नी करतो’, ‘मी तुला पती करते’ म्हटलं, की संपलं. देवाच्या दरबारी ते नवराबायको. ‘करीन’ असं भविष्यकाळात म्हटलं तर ते नुसतं वचन; पण त्यानंतर दोघे एकत्र झोपले तर तेही लग्न. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची, मग अंगठी घालायची, ही रीत होती आणि ती मोडली तर शिक्षाही होई. पण रीत मोडली म्हणून लग्न मोडत नसे. 1753च्या कायद्याने हे सगळं बंद होईपर्यंत इंग्लंडात असंच चालत होतं.

धाकट्या बहिणीला सांगलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “ताई, म्हणजे आईबापांना कोणी विचारायचंच नाही?”

“विचारायचे गं. कायदा विचारत नव्हता, बाकी सगळं गाव विचारायचं.”

“मग आपल्यासारखंच की. फक्त उलटं.”

तिचं बरोबर होतं. कायद्याने सगळी ताकद दोन पोरांच्या तोंडी शब्दात ठेवलेली, आणि जमीन, हुंडा, राहतं घर, अब्रू हे सगळं ठेवलं होतं घरच्यांच्या हातात. मुलीचा बाप हुंडा ठरवणार, मुलाचा बाप उद्या ती विधवा झाली तर तिच्या पोटापाण्याला कुठली जमीन लागेल ते ठरवणार. आपल्याकडे बैठकीत याद्या होतात तशीच सही-शिक्क्याची देवाणघेवाण. शब्द खरा की याद्या खऱ्या, या दोहोंत फट पडली की प्रकरण बिशपच्या कोर्टात. आणि तिथे तो शब्द उच्चारला गेला हे सिद्ध करणार कोण? खोलीत त्या वेळी जे कोणी होते ते. मावशी, मोलकरीण, भाऊ, शेजारीण. हातमोजे, रुमाल, वाकवलेलं चांदीचं नाणं अशा भेटवस्तू पुराव्यात यायच्या आणि ‘ती भेट लग्नाच्या नात्याने दिली की सहज दिली?’ यावर जबान्यांची पानंच्या पानं भरायची.

मी ज्या प्रकरणाशी सगळ्यात जास्त वेळ काढला ते जेम्स बॅलर्ड नावाच्या पोराचं. ते 1561 ते 1566 या वर्षांतल्या चेस्टरच्या जबान्यांत आहे. या वर्षांतल्या बालविवाहाच्या आणि काडीमोडीच्या जबान्या एफ. जे. फर्निव्हल या विद्वानाने 1897 साली छापून काढल्या, त्यामुळे शिकणाऱ्याला मोठी सोय आहे: आपण आधी उतरवायचं, मग छापील पानाशी ताडून पाहायचं. जेम्स दहा-अकरा वर्षांचा. लँकेशायरमधल्या कोल्न गावी रात्री दहाच्या सुमाराला, घरच्यांपैकी कोणालाही न सांगता, रॉजर ब्लेकी नावाच्या तिथल्या दुय्यम पाद्र्याने त्याचं ॲन नावाच्या मुलीशी लग्न लावलं. ॲन चांगली मोठी, लग्नाच्या वयाची. साक्षीला आलाय जेम्सचा काका.

काकाची जबानी वाचताना मी दर ओळीला थांबत होते, कारण अक्षर बारीक होतं आणि कारकून घाईत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं काकाकडे आलं आणि सांगू लागलं की या ॲनने मला भुलवलं, कोल्नला नेलं, लग्न लावून घेतलं. कशाने भुलवलं? तिथे एक आकडा आणि त्यापुढे मोठ्या ‘ए’ने सुरू होणारा एक शब्द होता. मधे दोन ‘पी’, त्यांच्या शेपट्या खालच्या ओळीत घुसलेल्या. अक्षरं सरळ होती, मन मानत नव्हतं. दोन सफरचंदं. दोन सफरचंदं देऊन पोराला नवरा केलं होतं.

वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले, मीही हसले. पण नंतर काकाच्या जागी बसून पाहिलं तर त्यात हसण्यासारखं फार नाही. तो काका काय करतो आहे ते वकिलाला दिसतं. मुलगा चौदाचा नव्हता, म्हणजे त्याचा शब्द अजून पक्का धरता येत नाही. पण वयात आल्यावर त्याने हे नातं कबूल केलं, तिच्याबरोबर राहिला, तर लग्न कायम. म्हणून काकाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत: घरच्यांची संमती नव्हती, पोराला दुसऱ्याच सकाळी पश्चात्ताप झाला, आणि त्यानंतर त्याने तिला कधीच बायको मानलं नाही. तिन्ही तो नेमक्या सांगतो. आणि जाता जाता हेही सांगतो की त्या पाद्र्याला भलत्या वेळी भलत्या माणसांची लग्नं लावल्याबद्दल यॉर्कच्या आर्चबिशपकडून शिक्षा झालेली आहे. उत्तम साक्षीदार. असा एक मामा किंवा काका मिळाला की माझ्या अर्ध्या केसेस सोप्या झाल्या असत्या. ॲनने काय म्हटलं असतं, तिला त्या दहा वर्षांच्या पोरात काय दिसलं, तिच्या मागे कोण उभं होतं, हे मात्र काकाच्या जबानीत नाही. असणारच नाही, तो मुलाकडचा.

बाकीच्या प्रकरणांत मात्र घरच्यांनीच पोरांना बोहल्यावर चढवलेलं आहे. जॉन सॉमरफर्ड तीन वर्षांचा आणि जेन ब्रेरेटन दोन वर्षांची. दोघांना कडेवर घेऊन चर्चमध्ये नेलं आणि त्यांच्या वतीने मोठ्यांनीच वचनं म्हटली. मुलाला कडेवर घेणारा माणूसच पुढे साक्षीला आला आणि म्हणाला की इतक्या लहानांच्या लग्नाला मी कधी गेलो नव्हतो. दुसऱ्या एका प्रकरणात तीन वर्षांचा नवरदेव अर्ध्यावरच कंटाळला. आज आणखी धडा शिकणार नाही म्हणाला. पाद्र्याने समजूत घातली, अजून थोडंसं म्हण, मग खेळायला जा. एलिझाबेथ हल्स तीन-चार वर्षांची असताना लग्न झालेली. मोठी झाल्यावर ती कोर्टाला सांगते की घरच्यांना वाटलं, याच्यापायी माझी पोटापाण्याची सोय लागेल. पण मला तो कधी आवडला नाही आणि आवडणारही नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या मुलीचं हे वाक्य बिशपच्या कारकुनाने जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे आणि त्या वाक्यावर तिची सुटका होऊ शकत होती. बारा-चौदाच्या वयाला पोचल्यावर ‘नाही’ म्हटलं आणि एकत्र राहिले नाहीत, तर असं लग्न कोर्ट रद्द करी.

वाचणाऱ्याचा गैरसमज नको, म्हणून सांगते. सर्वसामान्य इंग्रज माणसं तेव्हा अशी पाळण्यात लग्नं करत नव्हती. शेतकरी-कारागिरांच्या घरात मुली पंचविशीच्या आसपास आणि मुलगे त्याहून जरा उशिरा लग्न करत, कारण आधी कुणाच्या तरी घरी चाकरी करून संसाराला पैसे जमवावे लागत. कडेवरची लग्नं बहुधा जमीनवाल्यांची. त्यामागचं एक कारण मला फार उशिरा उमगलं आणि ते कागदांत कुठेही सरळ लिहिलेलं नाही. राजाकडून विशिष्ट अटीवर जमीन धरणारा बाप मुलगा अज्ञान असताना मेला, तर त्या मुलाचं पालकत्व राजाकडे जाई. नुसतं पालकत्व नव्हे. त्याचं लग्न कोणाशी करायचं हा हक्कसुद्धा, आणि तो हक्क विकला जाई. त्यासाठी 1540पासून एक स्वतंत्र कोर्ट होतं आणि 1561पासून 1598मध्ये मरेपर्यंत त्याचा प्रमुख होता राणीचा सर्वात विश्वासू मंत्री विल्यम सेसिल. म्हणजे बाप हयात असतानाच मुलाचं लग्न उरकून टाकलं की उद्या परका माणूस ते विकणार नाही. पोराला कडेवर घेऊन वेदीपाशी नेणाऱ्या त्या बापाच्या डोक्यात लोभ असेल, पण भीतीही असणार. या सेसिलच्या घरात वाढलेल्या पोरक्या उमरावपुत्रांपैकी एडवर्ड द व्हीर याचं लग्न 1571मध्ये झालं ते सेसिलच्याच मुलीशी, ॲनशी. यावर मी जास्त काही लिहीत नाही.

शेक्सपिअरचा कागदही याच रांगेत बसतो. नोव्हेंबर 1582मध्ये वूस्टरच्या बिशपकडे त्याच्या लग्नाच्या परवान्यासाठी 40 पौंडांचा जामीन दिला गेला. तो अठरा वर्षांचा, म्हणजे अज्ञान. ॲन हॅथवे सव्वीसची आणि पोटुशी, सुसॅनाचं बारसं पुढच्या मे महिन्यात. जामीन राहिले फुल्क सँडल्स आणि जॉन रिचर्डसन हे दोन शेतकरी. दोघांचीही नावं ॲनच्या वारलेल्या बापाच्या मृत्युपत्रात सापडतात. मुलाच्या बापाचं नाव त्या जामीनपत्रात नाही. यावरून शेक्सपिअरला जबरदस्तीने उभं केलं असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला एवढंच दिसतं की बापाविना पोरक्या झालेल्या मुलीमागे तिच्याकडची दोन माणसं चाळीस पौंडांचा धोका पत्करून उभी राहिली.

साक्षीदार नसला तर काय होतं, याचं उदाहरण मात्र चेस्टरला नाही, थेट राणीच्या नात्यातलं आहे. कॅथरीन ग्रे ही आठव्या हेन्रीच्या बहिणीची नात. हेन्रीच्या मृत्युपत्राप्रमाणे एलिझाबेथला मूल न झाल्यास गादीवर तिचा हक्क. तिने राणीला न विचारता लग्न करणं म्हणजे राजकारणच. 1560 संपता संपता एके दिवशी राणी शिकारीला बाहेर पडली, कॅथरीन दात दुखतो म्हणून मागे राहिली, आणि मैत्रीण जेन सीमोरला घेऊन वेस्टमिन्स्टरच्या कॅनन रो गल्लीतल्या एडवर्ड सीमोरच्या घरी गेली. एडवर्ड म्हणजे हर्टफर्डचा अर्ल, जेनचा सख्खा भाऊ. पाद्री जेनने शोधून आणला. लग्न झालं. साक्षीला एकटी जेन. मार्च 1561मध्ये जेन वारली. मग कॅथरीन गरोदर असल्याचं लपेनासं झालं आणि दोघांना टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं. मुलगा तिथेच जन्मला.

चौकशी आर्चबिशप पार्कर यांच्या मंडळासमोर. मी त्याचा वृत्तांत वाचला तो वकिलाच्या डोळ्यांनी आणि माझा जीव कासावीस झाला. नवराबायकोच्या जबान्या वेगवेगळ्या घेतल्या, त्या जुळल्या. अंगठी होती, पाच कड्यांची, आत कवितेच्या ओळी कोरलेल्या. पण पाद्र्याचं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं, पाद्री सापडत नव्हता. नवऱ्याने तिच्या चरितार्थासाठी करून दिलेला दस्त तिने हरवलेला होता. आणि एकुलती एक साक्षीदार गेलेली. 1562मध्ये मंडळाने ठरवलं की लग्न झालंच नाही. शब्द दिला तर लग्न झालं, हे शेतकऱ्याच्या पोरीला लागू. राजरक्ताच्या पोरीने तेच केलं तर तिच्याकडे साक्षीदार मागायचा, आणि तिच्याकडच्यांपैकी कोणी बोलायला धजावणार नाही. पुढे पहारेकऱ्यांनी कानाडोळा केल्यामुळे टॉवरमध्येच दोघे भेटले, दुसरा मुलगा झाला, आणि हर्टफर्डला 15,000 पौंडांचा दंड. कॅथरीन नजरकैदेतच 1568मध्ये वारली, वय अठ्ठावीसच्या आत. तिच्या धाकट्या बहिणीने, मेरीने, हे सगळं डोळ्यांदेखत पाहूनसुद्धा 1565मध्ये राजवाड्याच्या दरवानांच्या प्रमुखाशी गुपचूप लग्न केलं. साक्षीदार मात्र तिने पुरेसे ठेवले. तरी तुरुंग चुकला नाही.

अब्रूचे दावे वेगळे. ते मी अलीकडे वाचायला घेतले. बाई बाईवर दावा लावते, कारण भर रस्त्यात, दारात उभं राहून, तिने मला छिनाल म्हटलं. शिवी शब्दशः लिहावी लागते, त्यामुळे कारकुनाची लॅटिन जिथल्या तिथे संपते आणि अस्सल गावरान इंग्रजी सुरू होते. हरणाऱ्याला चर्चमध्ये सर्वांसमोर माफी मागावी लागे. व्यभिचाराच्या शिक्षेला तर पांढरी चादर पांघरून, हातात पांढरी काठी घेऊन, भरल्या प्रार्थनेत उभं करत. बाईची अब्रू गेली म्हणजे घराची गेली, मुलींची लग्नं अडली. ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं मला परकं राहिलं नाही, ती सांगते. जोडीदार घर सोडून गेला तर त्याला ‘नांदायला ये’ असा हुकूम देण्याचा अधिकार याच चर्चच्या कोर्टांचा. हा हुकूम पुढे बोटीत बसून मुंबईला आला. रुखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं होतं. त्या नांदायला गेल्या नाहीत, आणि 1884मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात नेमका हाच दावा लावला. 1885मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी दावा फेटाळला. हा उपाय इंग्रजी कायद्यातला, हिंदू कायद्यात असलं काही नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. अपिलात ते उलटलं. मार्च 1887मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रुखमाबाई तुरुंग पत्करायला तयार झाल्या. ‘केसरी’ने धर्म बुडाला म्हणून त्यांच्याविरुद्ध रान उठवलं, ते ज्या उपायाच्या बाजूने, तो उपाय बिशपच्या कोर्टातला. आणि खुद्द इंग्लंडात असा हुकूम मोडला म्हणून तुरुंगात टाकायची सोय 1884मध्येच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, काढून टाकलेली होती. शेवटी 1888मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रुखमाबाई लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या.

इंग्लंडने तो दावाच 1970च्या कायद्याने रद्द केला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 अजून आहे. 1983मध्ये आंध्र हायकोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने वैध ठरवलं. मी स्वतः त्या कलमाखाली दावे लावलेत, आणि लढवलेतही. त्यांतल्या एका दाव्यात मुलाचा मामा साक्षीला होता. मुलाच्या वकिलांनी आणलेला, त्यांच्या बाजूने बोलायला. मी उलटतपासणीत विचारलं, सुनेच्या अंगावर वळ तुम्ही पाहिले का? तो भाच्याकडे न बघता म्हणाला, पाहिले. दावा तिथेच संपला. त्या मामाला त्या घराने पुढे कुठल्या कार्याला बोलावलं नाही, असं माझ्या अशिलाने नंतर सांगितलं. चेस्टरच्या जबान्यांत ‘कोण जिंकावं असं वाटतं?’ या प्रश्नापाशी आले की तो आठवतो. तिथेही असे काही आहेत: नातं कबूल करतात, चाकरी कबूल करतात, आणि तरीही आपल्या माणसाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगून खाली फुली मारतात. सही येत नसे, म्हणून फुली. तिच्याशेजारी कारकुनाने नाव लिहिलेलं असतं.

पुष्कळ प्रकरणांना निकालच नाही. जबान्या भरभरून, आणि मग काहीच नाही. दोन्हीकडचे बहुधा बाहेर समेट करून मोकळे झाले. वंशावळवाल्यांना याचा फार राग येतो. मला येत नाही, कारण आमच्याकडेही हेच होई.

कोणाला हे शिकावंसं वाटलं तर जबान्यांपासून सुरुवात करू नका. आधी मृत्युपत्रं घ्या. त्यांची भाषा ठरलेली, त्यामुळे पुढचा शब्द अंदाजाने येतो आणि डोळा तयार होतो. रोमन आकडे पाठ करा, शेवटचा ‘आय’ ते ‘जे’सारखा लांब ओढतात हे लक्षात ठेवा. एका कारकुनाची अक्षरं एका कागदावर मांडून तो तक्ता समोर ठेवा, आणि कारकून बदलला की तक्ता नवा करा. सध्या माझ्यापुढे आहे तो बदनामीचा दावा दोन जावांमधला आहे. साक्षीला त्यांची सासू आलीय, आणि तिच्या जबानीच्या दुसऱ्या पानाला उंदराने कोपरा ठेवलेला नाही.